तिलावा की तलंबा? एका खलाशाच्या नोकरीचा शोध

आईच्या माहेरी कार्तिकी पौर्णिमेला एक जादा पान वाढलं जायचं. ते थोरल्या आजोबांचं, म्हणजे माझ्या आजोबांच्या मोठ्या भावाचं. ते बोटीवर नोकरीला होते आणि लढाईच्या दिवसांत बोट बुडाली, एवढं घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण कोणती बोट, कोणत्या साली आणि बोटीवर त्यांचं काम काय, हे विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगायचा. त्यातलं एक उत्तर कागदावर चढलं होतं. शोध घेतला तेव्हा नेमकं तेच चुकीचं निघालं. कोकणातल्या पुष्कळ घरांत असा एखादा बोटीवरचा आजोबा किंवा पणजोबा असतो. हा शोध कसा लागला आणि कुठे चुकला, ते त्या घरांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला हाताशी तीन गोष्टी होत्या. पहिली, मामाने चाळीसेक वर्षांपूर्वी लिहून काढलेली घराण्याची वही. तीत थोरल्या आजोबांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात होतं : ‘तलंबा बोट, सारंग, १९४३’. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुख्य. दुसरी, पत्र्याच्या नळीत ठेवलेलं मनीऑर्डरीचं एक कुपन. बोटीवरची माणसं आपले नोकरीचे दाखले असल्या नळीत ठेवत. त्या दाखल्यांनाच पुढे ‘नल्ली’ म्हणू लागले. आमच्या नळीत दाखला नव्हता, तो त्यांच्याबरोबर गेला. उरलं ते कुपन. तिसरी गोष्ट म्हणजे आक्का. ही आईची आत्या, थोरल्या आजोबांची धाकटी बहीण. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि आता नव्वदीला टेकली आहे.

मी वहीवर विश्वास ठेवला. लिहिलेलं खरं मानायची आपल्याला सवय असते, आणि मामाचं अक्षरही इतकं सुरेख की शंका घेववेना. तलंबा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. युद्धात तिचं रुग्णालय-जहाज केलं होतं. १० जुलै १९४३ रोजी सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जखमी सैनिकांना घेत असताना विमानांतून पडलेल्या बॉम्बने ती बुडाली. बोटीवरच्या दिव्यांसकट आणि तांबड्या क्रॉससकट. जखमींपैकी बहुतेक सगळे वाचले, बोटीवरच्या नोकरवर्गातले पाच जण गेले. पाचच म्हटल्यावर मला वाटलं, आता काम सोपं. पण मेळ काही बसेना. मग मी लंडनच्या टॉवर हिल स्मारकाच्या यादीत शोधलं. व्यापारी जहाजांवरच्या, समुद्रातच राहिलेल्या माणसांची दोन्ही महायुद्धांतली मिळून सुमारे ३६,००० नावं त्या स्मारकावर आहेत. तिथेही आमच्या आडनावाचं कुणी नाही. यात दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी तीन चुका केल्या आणि तिन्ही अगदी नेहमीच्या आहेत.

एक म्हणजे आडनाव. हिंदुस्थानी खलाशांचे करारनामे वेगळे असत आणि त्यांत माणसाची ओळख त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव यांवर असे. आडनाव बहुधा लिहिलेलंच नसतं. आडनाव घेऊन शोधणारा माणूस तिथे कायमचा रिकाम्या हाताने परत येतो.

दुसरी चूक स्मारकाची. हिंदुस्थानी करारनाम्यावर घेतलेल्या खलाशांची नावं टॉवर हिलवर नाहीत. त्यांचं स्मारक मुंबई आणि चितगाव असं जोडीने आहे. एकाच नामावलीचे सारखे ग्रंथ दोन्ही बंदरांत ठेवले आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी व्यापारी नौदलाची जवळपास ६,००० नावं त्यांत आहेत आणि त्याबरोबर तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची चारशेहून अधिक. मुंबईतलं ठिकाण म्हणजे मशीद बंदरचं इंडियन सेलर्स होम. लोकलने त्या स्टेशनावरून आयुष्यभर जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला नव्हतं.

तिसरी चूक शत्रूची. बोट बुडाली म्हणजे जर्मन पाणबुडीने बुडवली, असं मनाशी धरून मी जर्मन पाणबुड्यांच्या याद्या चाळत बसले. हिंदी महासागरात जपानी पाणबुड्याही फिरत होत्या, हे डोक्यातच आलं नाही.

वाट सापडली ती आक्काच्या एका वाक्याने. मी तिला बोटीचं नाव विचारत होते आणि ती दर वेळी ‘तलावा’ म्हणायची. म्हातारपणी तलंबाचं तलावा झालं असेल, असं मी धरून चालले होते. एकदा मी नाव सोडून दिलं आणि विचारलं, “आक्का, तुला त्या दिवसाचं काय आठवतं?”

“दिवस कसला गो, रात्र,” ती म्हणाली. “सारंग आला होता ना आमच्याकडे. ओटीवर बसला. बाबांना म्हणाला, चांदणं इतकं होतं की पाण्यावरची माणसं ओळखू येत होती. मग बाबांनी भटजींना विचारलं, नि पौर्णिमा धरली. आमच्या देवळात त्याच रात्री त्रिपूर पेटवलेला.”

यात तीन गोष्टी होत्या आणि तोवर मला त्यातली एकही दिसली नव्हती. घरी बातमी तारेने किंवा सरकारी पत्राने आली नव्हती, बोटीवरून वाचून आलेल्या माणसाने आणली होती. तिथी ठरली ती त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या चांदण्यावरून. आणि तिथी पक्की असेल, तर तलंबा कटली. १० जुलै १९४३ म्हणजे आषाढ शुद्ध पक्षातली अष्टमी-नवमी, आषाढी एकादशी दोन-तीन दिवसांवर. त्रिपुरी पौर्णिमेशी तिचा संबंध नाही. ही गोष्ट घरातल्या कुठल्याही बाईने पंचांग उघडून पाच मिनिटांत सांगितली असती. मी दोन वर्षं इंग्रजी याद्यांत होते.

पुढे सोपं गणित होतं. युद्धाच्या वर्षांतल्या कार्तिकी पौर्णिमा काढल्या. १९४१ मध्ये ती नोव्हेंबरच्या अगदी सुरुवातीला येते, १९४२ मध्ये २२ नोव्हेंबरला, १९४३ मध्ये १२ नोव्हेंबरच्या आसपास. या रात्रींना मुंबईशी संबंध असलेली कोणती बोट बुडाली, ते पाहायचं. इथे आणखी एक खाच आहे आणि ती मुद्दाम सांगते. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पौर्णिमेच्या रात्री दोन वाजता घडलेली गोष्ट आपल्या लेखी पौर्णिमेच्याच रात्रीची, पण कागदोपत्री दुसऱ्या दिवसाची. म्हणून २२ नोव्हेंबरखाली काही सापडलं नाही. २३ नोव्हेंबर पाहिलं आणि समोर नाव आलं : एस. एस. तिलावा.

तिलावाही ब्रिटिश इंडिया कंपनीचीच, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांच्या थोडी वर. त्या कंपनीच्या बोटींची नावं ‘आ’काराने संपत, त्यामुळे तलमा, तलंबा, तिलावा अशी कानाला एकसारखी लागणारी नावं तिच्या ताफ्यात होती. तिलावा २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाली, मोंबासामार्गे दरबानला. बोटीवर ९५८ माणसं होती : ७३२ प्रवासी, २२२ नोकरवर्ग आणि ४ तोफची. सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर जपानी आय-२९ पाणबुडीने २३ तारखेच्या पहाटे तिच्यावर पाणतीर सोडला. पहिल्या तडाख्यात बोट बुडाली नाही. होड्या पाण्यात उतरल्या, थोड्या वेळाने काही माणसं पुन्हा बोटीकडे वळली, आणि मग दुसरा पाणतीर बसला. २८० जण गेले. ६७८ जण वाचले. त्यांपैकी जवळपास सगळ्यांना एच. एम. एस. बर्मिंगहॅम या क्रूझरने उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून सोडलं. आक्काच्या ओटीवर बसलेला सारंग यांच्यापैकीच असणार.

आता कुपन पुन्हा काढलं. बोटभर रुंदीचा तो कागद, शाईपेन्सिलीचं जांभळट अक्षर, डाव्या कडेचा तुकडा गेलेला. मजकूर एका ओळीचा : ‘…वर नाव लागले. तब्येत बरी आहे.’ बोटीचं पहिलं अक्षर फाटलेल्या तुकड्याबरोबर गेलंय. उरलेलं मामाने ‘लबा’ असं वाचलं आणि त्यावरून तलंबा केलं. मी कागद खिडकीशी नेला आणि विजेरी कडेने तिरपी धरली. शेवटच्या अक्षराच्या पोटातली तिरकी रेघ पेन्सिलीची नव्हतीच. ती घडी होती. ऐंशी वर्षं एकाच घडीवर दुमडलेल्या कागदाचा तंतू तुटून तिथे मळ बसला होता आणि ‘व’चा ‘ब’ झाला होता. त्याच्या आधीच्या ‘ल’पुढे काना होता, पण पुसट. कागदाच्या मागच्या बाजूने हात फिरवला की पेन्सिलीचा दाब बोटाला लागत होता. लावा. आक्का पहिल्यापासून बरोबर सांगत होती, फक्त पहिल्या अक्षराची वेलांटी तिच्याकडून निसटली होती.

मामा आज असता तर त्याला हे दाखवायला मला फार आवडलं असतं. त्याने वही लिहिली नसती तर मी शोधायला निघालेच नसते.

बोट नक्की झाल्यावर माणूस. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणारा एक आयोग आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. त्याच्या नोंदींत आडनावाची जागा रिकामी ठेवून मी तारीख, बोट आणि मुंबई-चितगाव स्मारक एवढ्यावर शोधलं. तिलावाच्या नोकरवर्गातले २८ जण गेले होते. अठ्ठावीस नोंदी एका संध्याकाळी वाचून होतात. त्या मोठ्याने वाचाव्या लागतात, कारण इंग्रजी कारकुनाने कानावर पडलेलं नाव जसं जमेल तसं लिहिलंय आणि ते डोळ्याला नाही, कानालाच ओळखू येतं. एका नोंदीत नाव जुळलं. बापाचं नाव जुळलं. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मात्र असं काही लिहिलं होतं की मी आणि आईने तीन-चार वेळा आलटून पालटून म्हटलं, तेव्हा कुठे आमचं गाव त्यातून बाहेर आलं. वय घरच्या हिशेबापेक्षा तीन वर्षांनी जास्त. हा फरक मला फारसा खटकत नाही. नोकरी मिळावी म्हणून वय पुढेमागे सांगणं तेव्हा सर्रास होतं. नाव, बाप, गाव, बोट आणि रात्र अशा पाच गोष्टी दोन निरनिराळ्या वाटांनी एका जागी आल्या, म्हणून मी ही नोंद त्यांचीच मानते. नुसतं नाव आणि जिल्हा जुळला असता तर मानली नसती. त्या पट्ट्यात त्या नावाची माणसं घरोघरी होती.

नोंदीतला हुद्दा होता खलाशी. सारंग नव्हे.

आईला हे थोडं लागलं. लहानपणापासून ‘आमचे काका सारंग होते’ असं ती सांगत आली होती. बोटीवरची उतरंड ज्यांना परिचयाची नाही त्यांच्यासाठी सांगते. डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या खालचा टिंडेल. सुकाणूवर सुकाणी, कोठारावर कसाब, सगळ्यांचं रांधणारा भंडारी. इंजिनाकडचा सारंग वेगळा, त्याच्या हाताखाली तेलवाले, आगवाले, कोयलावाले. मुंबईच्या बोटींवर डेकची माणसं पुष्कळदा रत्नागिरीकडची, सलूनमधली, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणारी, गोव्याची, इंजिनाकडे पंजाबी आणि पठाण. सारंग पोचायला बरीच वर्षं आणि बऱ्याच सफरी लागत. पंचविशीच्या आतबाहेरचा माणूस सारंग असणं कठीणच. शिवाय सारंग नुसता हुद्दा नव्हता. कंपनीला माणसं पुरवायची ती त्यानेच, आणि तो ती आपल्या गावातून, नात्यागोत्यातून उचलायचा. पगारही पुष्कळदा त्याच्याच हातून यायचा.

मी आक्काला विचारलं, दादा सारंग होता का? ती म्हणाली, “नाही गो. सारंगाबरोबर गेला.”

‘सारंगाबरोबर गेला’चं दोन पिढ्यांत ‘सारंग म्हणून गेला’ झालं. आणि मग ओटीवर येऊन बसलेला तो माणूस कोण, हेही उलगडलं. स्वतः घरातून उचलून नेलेल्या पोराची बातमी द्यायला तो आला होता. आक्काला आठवतं की त्याने पाणी घेतलं नाही आणि जाताना बाबांच्या पायाला हात लावला.

नोकरीचा बाकीचा तपशील शोधायचा तर बोटीचा अधिकृत क्रमांक लागतो. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक बोटीला असा एक क्रमांक असे. नाव किंवा मालक बदलला तरी तो बदलत नसे. लॉइड्सच्या वार्षिक नोंदवहीत तो सापडतो. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्या महायुद्धातले नोकरवर्गाचे करारनामे बीटी ३८१ या मालिकेत आहेत आणि ते बोटीच्या नावावर नाही, याच क्रमांकावर लावलेले आहेत. नाव घेऊन गेलात तर तासन्‌तास जातात, क्रमांक घेऊन गेलात तर पेटी मिळते. बोटींच्या युद्धकाळातल्या हालचालींची कार्डं बीटी ३८९ मध्ये आहेत, त्यांवरून बोट कोणत्या महिन्यात कुठे होती ते कळतं. १९३८ पर्यंतचे करारनामे हवे असतील तर त्यांचा सर्वांत मोठा साठा लंडनला नाही, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. ज्यांचे आजोबा युद्धाआधीपासून बोटीवर होते त्यांनी तिथून सुरुवात करावी. थोरल्या आजोबांची ही पहिली किंवा दुसरीच सफर असावी, कारण घरात मनीऑर्डरीचं दुसरं कुपन नाही आणि आक्काच्या आठवणीत ते एकदाच निघाले, परत आले नाहीत.

एक मार्ग मला अनपेक्षितपणे उपयोगी पडला. तिलावावर दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले चांदीचे २,३६४ बार होते. २०१७ मध्ये ते समुद्रतळातून काढले गेले, मालकीवरून खटला झाला आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथला निकाल २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. अशा निकालपत्रांत सुरुवातीलाच बोटीची हकिगत असते, आणि ती वकिलांनी दोन्ही बाजूंनी तपासलेली असते. बुडालेल्या बोटीत मौल्यवान माल असेल तर निकालपत्र जरूर वाचावं.

आता आय-२९ बद्दल. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तिलावा बुडवल्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन यू-१८० पाणबुडीतून आलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोसांना ज्या जपानी पाणबुडीने आपल्यात घेतलं ती हीच आय-२९. आईच्या माहेरी माजघरात नेताजींची तसबीर आहे. थोरल्या आजोबांच्या वडिलांनी ती लावलेली. ज्यांचा मुलगा त्या पाणबुडीने नेला, त्यांनीच. त्यांना हे कधी कळलं नाही. आक्काला सांगायचं की नाही, यावर आई आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी सांगितलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “बोटीत कोण आहे ते त्यांना काय ठाऊक.” तसबीर तिथेच आहे आणि तिथेच राहावी असं मलाही वाटतं.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिलावाला ८० वर्षं झाली, तेव्हा मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये तिच्या स्मरणासाठी माणसं जमली होती. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी त्या महिन्यात सिसिलीचे नकाशे बघत होते.

मी आक्काला नोंद फोनवर वाचून दाखवली. बोट, तारीख, हुद्दा, सगळं. तिने एकच विचारलं, “बाबांचं नाव नीट लिहिलंय?” नीट लिहिलं होतं. गावाचं नाव तेवढं दुरुस्त व्हायला हवं आहे. आयोगाकडे पुराव्यासह दुरुस्ती मागता येते, म्हणून शाळेच्या हजेरीपटाचा उतारा, कुपनाचा मागून-पुढून काढलेला फोटो आणि पंचांगावरून मांडलेला तारखेचा हिशेब असा अर्ज केला आहे. अर्जदार आक्का आहे. नात्यापुढच्या जागेत काय लिहायचं ते मी सांगणार होते, तोवर तिने चष्मा लावून लिहून टाकलं होतं : ‘सख्खी बहीण, धाकटी’.